कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखताना रंग शेवटी बघा

कॉर्न स्नेक पाळायचं मनात आलं की पहिल्याच दिवशी मॉर्फच्या, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारांच्या, नावांचा भडिमार होतो. अ‍ॅमेल, अ‍ॅनेरी, स्नो, घोस्ट, बटर, ओपल, प्युटर, टेसेरा, पाल्मेटो. अमेरिकेत किंवा युरोपात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात गेलात तर टेबलांवर झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक डब्यात पेन्सिलीएवढं पिल्लू आणि झाकणावर एक चिठ्ठी. नवखा माणूस चिठ्ठी वाचतो, मग सापाकडे बघतो आणि ‘हो, तसाच दिसतोय’ म्हणून पैसे मोजतो. उलटं करायला हवं. आधी साप नीट बघायचा, मग चिठ्ठीवरचं नाव त्याला बसतंय का ते तपासायचं. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगतो.

सुरुवातीलाच कायद्याचं. भारतातला कुठलाही देशी साप, मग तो धामण असो की तस्कर, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॉर्न स्नेक आपल्याकडचा नाही, पण परदेशी प्राण्यांच्या आयातीचे आणि ताब्याचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. त्यामुळे भारतात असाल तर वन विभागाकडे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑस्ट्रेलियात तो पाळायला बंदीच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे.

आधी जंगली रूप डोळ्यांत बसवा

मूळ साप कसा दिसतो हे पक्कं ठाऊक नसेल तर मॉर्फ ओळखता येणार नाही. म्हणून पहिले काही दिवस फक्त जंगली रंगाच्या, म्हणजे ‘नॉर्मल’ सापांचे फोटो बघा. लहान, मोठे, नर, मादी, सगळे.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानाच्या बाजूपर्यंत सापडतो. लिनियसने १७६६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याचं नाव पँथेरोफिस गटाटस असं आहे, पण जुनी पुस्तकं चाळलीत तर तो एलाफे या प्रजातीत दिसेल. आपला तस्करही बरीच वर्षं त्याच प्रजातीत मोडत होता. आता दोघांचीही घरं वेगळी झाली आहेत.

पाठीची पार्श्वभूमी नारिंगी, तपकिरी किंवा करडी असते. तिच्यावर लालसर मोठे ठिपके एकामागोमाग एक, त्यांना पाळणारे ‘सॅडल’ म्हणतात. प्रत्येक सॅडलभोवती काळी किनार. कुशीवर लहान ठिपक्यांची आणखी एक रांग. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण आणि डोळ्यामागून जबड्याकडे जाणारा पट्टा. साप उलटा करून पोट पाहिलंत तर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, आणि शेपटीच्या खालच्या बाजूला दोन गडद रेघा.

हे चित्र तीन प्रकारच्या रंगपेशींतून तयार होतं. एका प्रकारात काळं-तपकिरी मेलॅनिन, दुसऱ्यात लाल-पिवळी रंगद्रव्यं, आणि तिसऱ्यात प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक. बहुतेक मॉर्फ म्हणजे या चित्रातून काहीतरी वजा झालेलं असतं, किंवा त्याची मांडणी तरी बदललेली असते. त्यामुळे समोरच्या सापाला ‘हा कोणत्या रंगाचा?’ असं विचारू नका. ‘यात काय नाही?’ असं विचारा.

बघायची तयारी

दिवसाचा उजेड, पण थेट ऊन नको. खिडकीजवळ पांढरा कागद किंवा फिकट कापड पसरा. उष्णतेच्या दिव्याखाली प्रत्येक साप थोडा नारिंगी दिसतो आणि काही एलईडीखाली करडे साप जांभळट दिसतात. प्रदर्शनातल्या हॉलच्या प्रकाशात ‘लॅव्हेंडर’ म्हणून घेतलेला साप घरी आल्यावर साधा अ‍ॅनेरी निघाल्याचं तुम्हालाही कोणीतरी सांगेल.

कात टाकायच्या आधी सापाचे डोळे निळसर-दुधी होतात आणि सगळे रंग मंदावतात. त्या काळात ओळखायचा प्रयत्न करू नका. कात टाकून दोन-तीन दिवस झाले की रंग सर्वांत स्वच्छ असतात. फोटो काढायचे तर फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमुळे साध्या काळ्या बाहुलीतही लाल चमक येते आणि पहिल्याच पायरीवर फसगत होते.

चार फोटो काढा: डोक्याचा बाजूने, पाठीचा वरून, कुशीचा, पोटाचा. पोटाचा फोटो बहुतेकजण काढत नाहीत. नेमका तोच सर्वांत जास्त माहिती देतो.

पहिली पायरी: डोळा

बाहुलीचा रंग बघा, बुबुळाचा नंतर. बाहुली स्पष्ट लाल किंवा गुलाबी असेल तर सापात मेलॅनिन नाही, म्हणजे तो अ‍ॅमेल कुळातला. हे नाव ‘अ‍ॅमेलॅनिस्टिक’चं लघुरूप आहे. अ‍ॅमेल, स्नो, ब्लिझर्ड, बटर, ओपल हे सगळे इथे येतात. बाहुली काळी असेल तर यातलं एकही नाव त्याला लागू नाही, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

मधलीही एक अवस्था आहे. बाहुली काळी वाटते, पण उजेडात तिरकी धरली की आत गडद माणकासारखी लाली दिसते. असा साप ‘अल्ट्रामेल’ असू शकतो. अल्ट्रा आणि अ‍ॅमेल ही एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं आहेत. एक अल्ट्रा आणि एक अ‍ॅमेल अशा दोन प्रती मिळाल्या की अल्ट्रामेल होतो, आणि त्यात काळा रंग पूर्ण जात नाही, फिका पडतो. काही लॅव्हेंडर सापांच्या डोळ्यांतही अशी लाली असते, म्हणून इथे थांबू नका.

अ‍ॅमेल हा कॉर्न स्नेकमधला सर्वांत जुना पाळीव मॉर्फ. १९५३ साली उत्तर कॅरोलिनात पकडलेल्या एका सापापासून त्याची सुरुवात झाली. बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी पैदास करून दाखवलं की हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच दिसतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये त्यामागचं जनुकही शोधलं. त्याचं नाव ओसीए२. माणसांतल्या वर्णहीनतेच्या एका प्रकारातही हेच जनुक बिघडलेलं असतं. या सापांत त्या जनुकामध्ये जागा बदलणारा एक डीएनएचा तुकडा घुसून बसला आहे.

दुसरी पायरी: किनार आणि कात

आता एका सॅडलची किनार जवळून बघा. हातात भिंग असेल तर उत्तम. नॉर्मल सापात किनारीचे खवले शुद्ध काळे असतात. अ‍ॅमेलमध्ये तीच जागा पांढरी असते. ‘हायपो’मध्ये ती किनार असते, पण काळ्याऐवजी तपकिरी आणि बऱ्याचदा बारीक. म्हणजे मेलॅनिन आहे, कमी झालंय इतकंच.

टाकलेली कात फेकू नका. ती पाण्यात भिजवून पसरली आणि खाली पांढरा कागद धरला की नॉर्मल सापाच्या कातेत सॅडलची फिकट तपकिरी छाया दिसते, कारण थोडं मेलॅनिन कातेबरोबर जातं. अ‍ॅमेल सापाची कात पारदर्शक-पांढरी, कोरी. पैशांशिवाय करता येणारी ही सर्वांत चांगली चाचणी.

हायपो ओळखणं मात्र खरंच अवघड आहे, आणि याचं कारण नवख्यांना कोणी सांगत नाही. काळा रंग कमी करणारी जनुकं एकापेक्षा जास्त आहेत. हायपो, सनकिस्ड, लावा ही तिन्ही वेगवेगळी. लावात काळा रंग इतका कमी होतो की साप जवळजवळ अ‍ॅमेल वाटतो, पण बाहुली काळीच राहते. सनकिस्डमध्ये बहुधा सॅडलचा आणि डोक्यावरच्या खुणेचा आकारही थोडा बदललेला असतो. हायपो आणि सनकिस्ड यांची जोडी लावली तर पिल्लं साध्या नॉर्मल रंगाची निघतात. आई-बाप दोघंही फिके आणि पोरं काळ्या किनारीची, हे बघून पैदास करणाऱ्यावर संशय घेऊ नका. प्रत्येक पिल्लाला दोन वेगळ्या जनुकांची एकेकच प्रत मिळालेली असते.

एकटा साप समोर असताना ‘हा हायपो’ असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याची भावंडं शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो.

तिसरी पायरी: लाल आहे का?

इथे चार नावं एकमेकांत मिसळतात: अ‍ॅनेरी, चारकोल, कॅरामेल, लॅव्हेंडर. पिल्लं असताना चारही करडी-तपकिरीच दिसतात. मोठी होताना त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

अ‍ॅनेरीमध्ये लाल रंग नाही. साप करडा-काळा दिसतो, पण वय वाढतं तशी हनुवटीखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिवळी झाक येते. फ्लोरिडात जंगलातही असे साप सापडतात. चारकोलमध्येही लाल नाही, पण मानेवरचं ते पिवळंही बहुतेकदा येत नाही, आणि काळ्या-करड्यातला फरक मंद असतो. म्हणून मोठ्या सापाच्या बाबतीत गळा बघणं ही सोपी युक्ती. लहान पिल्लाला ती लागू पडत नाही, कारण तिथे पिवळं अजून आलेलंच नसतं.

कॅरामेलमध्ये लालऐवजी पिवळं-तपकिरी. जन्मतः अ‍ॅनेरीचाच भास होतो, काही कातांनंतर अंगभर पिवळसर छटा उतरते. लक्षात ठेवायचा फरक असा: अ‍ॅनेरीचं पिवळं गळ्यापुरतं, कॅरामेलचं सगळ्या अंगावर.

लॅव्हेंडर मोठा झाला की करड्यावर जांभळट-गुलाबी झाक असते आणि सॅडल कोकोच्या रंगाचे. २०२०मध्ये या मॉर्फचं जनुकही जिनिव्हातल्याच संशोधकांनी ओळखलं, नाव एलवायएसटी. ते रंगपेशींच्या आतल्या रंगाच्या पिशव्यांवर परिणाम करतं. म्हणूनच लॅव्हेंडरमध्ये एखादा ठरावीक रंग गेलाय असं वाटत नाही, सगळंच धुऊन काढल्यासारखं वाटतं.

पाचवा एक आहे, सिंडर. अ‍ॅनेरीसारखाच करडा, पण सॅडलच्या कडा गुळगुळीत नसून नागमोडी असतात आणि पिल्लाच्या सॅडलमध्ये लालसर अंश असतो. अ‍ॅनेरीच्या चिठ्ठीखाली सॅडल असे वेडेवाकडे दिसले तर विक्रेत्याला पालकांबद्दल विचारा.

चौथी पायरी: पोट उलटून बघा

आता नक्षी. रंग आणि नक्षी ही दोन स्वतंत्र खाती आहेत, एकाच सापात दोन्ही बदललेली असू शकतात. नक्षीचा निकाल पोटापासून सुरू करा.

पोटावर चौकोन नसतील तर तीन शक्यता तपासायच्या: मॉटली, स्ट्राइप, डिफ्यूज्ड.

मॉटलीत पाठीवरचे सॅडल बाजूंनी एकमेकांना जोडले जातात आणि मधे फिक्या रंगाचे गोल किंवा लांबट गोल उरतात. कुशीवरचे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. स्ट्राइपमध्ये सॅडल मोडून अंगभर लांब रेघा होतात, त्या काही सापांत शेपटीकडे तुटतात. ही दोन्ही एकाच जनुकाची रूपं आहेत. एक प्रत मॉटलीची आणि एक स्ट्राइपची असेल तर साप मॉटलीच्या बाजूला झुकतो, पण त्याची गोल नक्षी ताणलेली, अर्धवट रेघेसारखी असू शकते. असा साप बघून लोक भलतंच नाव देतात.

डिफ्यूज्डमध्ये पाठीवर सॅडल असतात, पण कुशीकडे ते विरघळत जातात, जणू कडांवर ओलं बोट फिरवलंय. डोक्यावरची खूणही लांबट होते. याच गुणाच्या सापांमधून लाल रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, त्यांना ‘ब्लडरेड’ म्हणतात. गंमत म्हणजे ब्लडरेडची पिल्लं बरीच राखाडी असतात, विशेषतः डोकं. लालभडक मोठा साप मनात ठेवून पिल्लू बघायला गेलेला माणूस हमखास निराश होतो.

टेसेराचं काय? पाठीवर एक अरुंद, गडद किनारीची रेघ मानेपासून निघते, आणि कुशीवर लहान लहान चौकोनी तुकड्यांची दाट गर्दी. नवखे याला स्ट्राइप म्हणतात. फरक कुशीत आहे. स्ट्राइपची कूस शांत, टेसेराची गजबजलेली. शिवाय टेसेरा प्रभावी गुण आहे, एका पालकाकडून आला तरी दिसतो. ‘हेट टेसेरा’ (हेट म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेला) पण दिसायला नॉर्मल, असं कोणी विकत असेल तर तिथून निघा.

पाल्मेटो या सगळ्यांपेक्षा वेगळा: पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, काळे सुटे खवले शिंपडल्यासारखे. त्याला ओळखायला मार्गदर्शक लागत नाही, किंमत ऐकली तरी कळतं.

एक इशारा. अंडी उबवताना तापमान बिघडलं तरी पिल्लाची नक्षी विस्कटते. एकाच सापाच्या पाठीवर दोन-तीन सॅडल जुळलेले दिसले म्हणून तो मॉटली होत नाही. मॉटलीची नक्षी बहुतेक सगळ्या पाठीवर असते, आणि पोट कोरं असतं. पोटावर चौकोन शाबूत आहेत? मग मॉटली विसरा.

पाचवी पायरी: जोडनावं उलगडा

आता रंगाकडे या. आतापर्यंत तुमच्याकडे काळ्याची स्थिती, लालची स्थिती आणि नक्षी अशा नोंदी असतील. बाजारातली बरीच नावं ही त्यांचीच बेरीज आहे. अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी एकत्र आले की स्नो. अ‍ॅमेल आणि चारकोल, ब्लिझर्ड. अ‍ॅमेल आणि कॅरामेल, बटर. अ‍ॅमेल आणि लॅव्हेंडर, ओपल. हायपो आणि अ‍ॅनेरी, घोस्ट. हायपो आणि कॅरामेल, अंबर. चारकोल आणि डिफ्यूज्ड, प्युटर. एवढी पाठ झाली तरी प्रदर्शनातल्या निम्म्या चिठ्ठ्या वाचता येतील.

पांढऱ्या सापांत गोंधळ होतो. स्नो मोठा झाला की गळ्याशी पिवळं येतं, कारण त्यात अ‍ॅनेरी आहे. ब्लिझर्डमध्ये ते सहसा येत नाही आणि नक्षी शोधावी लागते. ओपल पिल्लू असताना स्नोसारखंच. इथे पालकांची माहिती नसेल तर गप्प बसणं बरं.

काही नावं मात्र जनुकांची नाहीतच. ‘ओकीटी’ हे दक्षिण कॅरोलिनातल्या जॅस्पर काउंटीतल्या ओकीटी हंट क्लबच्या परिसरावरून आलेलं. तिथल्या सापांच्या जाड काळ्या किनारीसाठी ते प्रसिद्ध झालं. आज जाड किनारीच्या, निवडून वाढवलेल्या कुठल्याही सापाला ओकीटी म्हणतात, त्याचे पूर्वज तिथले असोत वा नसोत. ‘मायामी’ म्हणजे करड्या पार्श्वभूमीवर लाल सॅडल. ‘कँडी केन’ म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी निवडलेला अ‍ॅमेल. ‘रिव्हर्स ओकीटी’ म्हणजे जाड पांढऱ्या किनारीचा अ‍ॅमेल. या गुणांना एका जनुकाचं गणित लागू होत नाही. चांगल्या कँडी केनची पिल्लं साध्या अ‍ॅमेलसारखी निघू शकतात.

जे डोळ्यांना दिसत नाही

चिठ्ठीवर ‘हेट’ लिहिलेलं असतं. म्हणजे सापाकडे त्या अप्रभावी जनुकाची एकच प्रत आहे, दिसण्यात काही नाही. ते बघून ओळखता येत नाही. ‘डोळ्यांवरून मला कळतं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका.

टक्क्यांचा अर्थ असा. दोन्ही पालक हेट अ‍ॅमेल असतील तर प्रत्येक अंड्यातून अ‍ॅमेल निघण्याची शक्यता २५ टक्के. उरलेल्या नॉर्मल दिसणाऱ्या पिल्लांपैकी दर तिनांत सरासरी दोन हेट असतात, पण कोणती ते कळत नाही. म्हणून त्या सगळ्यांवर ‘६६ टक्के हेट’ लिहितात. दोन्ही पालक अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी या दोन्हींचे हेट असतील तर स्नो निघण्याची शक्यता १६त १. सोळा अंड्यांतून एक हमखास निघेलच असं नाही.

खात्री एरवी दोनच मार्गांनी होते: पालकांच्या नोंदी किंवा चाचणीसाठी केलेली पैदास. आता काही मॉर्फसाठी कातेवरून डीएनए तपासून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. सनकिस्डच्या वंशातला साप घेत असाल तर ‘स्टारगेझर’ नावाच्या अप्रभावी मज्जासंस्थेच्या दोषाबद्दल जरूर विचारा. त्यात पिल्लाचं डोकं वर वळतं, अंग पिळवटतं आणि त्याला सरळ चालता येत नाही. तो प्रथम याच वंशात लक्षात आला.

संकरांचंही बघा. कॉर्न स्नेकचा जवळचा नातेवाईक, ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक, याच्याशी त्याचा संकर सहज होतो. ‘क्रीमसिकल’ हे अशा संकरातलं अ‍ॅमेल रूप. अंगावर खवले नसलेला ‘स्केललेस’ मॉर्फही अशाच संकराच्या वंशातून आला. संकर वाईट असं मी म्हणत नाही, पण ते लपवून विकणं वाईट.

नोंद कशी ठेवायची

पिल्लू घरी आलं की पहिल्या काही कातांनंतर तेच चार फोटो, त्याच खिडकीत, त्याच कागदावर काढा. रंग वर्षभर सरकत राहतो, मोठ्या सापात त्याहून जास्त काळ. पोटाचे चौकोन आणि बाहुली मात्र बदलत नाहीत. फोटोबरोबर पालकांची माहिती लिहा, आणि जे दिसलं ते आणि जे कोणी सांगितलं ते वेगळं ठेवा. पालक ठाऊक नसतील आणि साप करडा, पिवळ्या गळ्याचा, चौकोनी पोटाचा असेल तर डब्यावर एवढंच लिहा: ‘दिसायला अ‍ॅनेरी, मादी, पालक अज्ञात, हेट माहीत नाही.’